फुकटचा वाढदिवस

अशा हॉटेलांत परीक्षितला आधी हसूच यायचं. परातीएवढी प्लेट आणि तिच्या एका कोपऱ्यात भाजलेलं गाजर, तेही एकच. ह्यूस्टनमधलं हे नवं रेस्टॉरंट जुन्या गोदामात थाटलं होतं. विटांच्या भिंती तशाच ठेवल्या होत्या आणि समोरच्या उघड्या स्वयंपाकघरात लाकडाच्या जाळावर मासे भाजले जात होते. बाहेर ऑगस्टचं ऊन अजून उतरलं नव्हतं. शुगर लँड उपनगरातल्या घरून गाडी हाकत आलेली ही दोघं गाडीबाहेर पडली तेव्हा दमट हवेने दोघांच्याही चष्म्यांवर वाफ धरली होती.

आज मात्र हसायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. मागच्याच आठवड्यात सावनीने डॉक्टरांना सांगून टाकलं होतं, बास. मुलासाठी घेतलेली इतक्या वर्षांची इंजेक्शनं, तपासण्या, दवाखान्याच्या फोनची वाट बघणं, सगळं बास. आता आपण दोघंच, हे एकदा शांतपणे मान्य करावं म्हणून ती जेवायला आली होती, आणि तिची एकच अट होती: बुकिंग करताना अक्षतचं नाव लिहायचं नाही.

अक्षतची गंमत जुनी. दोघं अमेरिकेत नवी आली तेव्हा खिसा हलका असायचा, आणि वाढदिवस आहे म्हटलं की हॉटेलवाले काहीतरी गोड फुकट देतात ही बातमी सावनीला ऑफिसात लागली होती. पहिल्यांदा वेटरने नाव विचारलं तेव्हा परीक्षितची बोबडी वळली. खरं नाव सांगितलं तर पकडले जाऊ, असं काहीतरी त्याच्या डोक्यात.

"अक्षत," सावनी बिनदिक्कत म्हणाली.

ब्राउनीवर नाव आलं, वेटरांनी टाळ्या पिटल्या, आणि या खोट्या अक्षतने मान खाली घालून मेणबत्ती विझवली. घरी जाताना दोघं पोट धरधरून हसली. "नाव भारी आहे पण," तो म्हणाला. "मग ठेवू की पोराला," ती म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक नव्या हॉटेलात अक्षतचा वाढदिवस व्हायचा. पोर काही आलं नाही. थट्टा थांबवायचा धीर मात्र कुणालाच झाला नाही, आणि अलीकडे तर प्लेटवरचं नाव वाचून सावनी हसायचीही बंद झाली होती.

परीक्षितने शब्द पाळला होता. बुकिंगमध्ये काहीही लिहिलं नव्हतं.

दारातल्या मुलीने दोघांकडे पाहिलं, मग सावनीच्या कमरेच्या उंचीवर पाहून तिथेही गोड हसली. "तिघं ना?"

"दोघं," परीक्षित म्हणाला.

खिडकीजवळच्या टेबलाला तीन खुर्च्या होत्या. तिसरीसमोर लहानशी प्लेट मांडली होती आणि खुर्चीवर जाडजूड उशी ठेवली होती, बसणाऱ्याचा हात टेबलाला पोचावा अशी. सावनीने ती पाहिली आणि नॅपकिन उलगडत बसली. नीना नावाची वेट्रेस पाणी घेऊन आली. पाण्याबरोबर तिने दुधाचा एक बुटका ग्लास आणला आणि तिसऱ्या खुर्चीसमोर ठेवला. "सांडू नये म्हणून अर्धाच भरलाय," ती म्हणाली.

ती गेल्यावर सावनी हळूच बोलली. "लिहिलंस तू."

"नाही."

"मी एकच गोष्ट मागितली होती यार. एकच."

"शप्पथ सावनी, नाही लिहिलं. हे बघ, फोन बघ."

तिने फोनकडे पाहिलं नाही. तिचे डोळे भरले होते. आजच्या दिवशीही आपण तिला फसवलं असं तिला वाटतंय, हे त्याला कळलं.

तो रिफायनरीतला इंजिनियर. दाब मोजणारं गेज काही विचित्र दाखवत असेल तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यावर त्याचा संसार चालला होता. ही नवी हॉटेलं गिऱ्हाइकांची जुनी माहिती कुठून कुठून मिळवत असणार. त्याने नीनाला बोलावलं. "काहीतरी चूक झालीय. आम्ही दोघंच आहोत."

नीनाने खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मुलासमोर आईबाप भांडायला लागले की परकी माणसं जशी अवघडतात तशी ती अवघडली. "ऑफ कोर्स, सर," म्हणाली आणि निघून गेली. दूध तिने उचललं नाही.

पलीकडच्या टेबलावर पांढऱ्या केसांच्या एक आजी एकट्याच जेवत होत्या. निघताना त्या यांच्यापाशी थांबल्या.

"किती शांत मुलगा आहे तुमचा! माझी नातवंडं एका जागी बसत नाहीत." मग खुर्चीकडे जरा वाकून म्हणाल्या, "एवढ्याशा वयात चष्मा लागला? पण शोभतोय हो तुला."

परीक्षित खुलासा करायला अर्धवट उठला, तोवर आजी निघाल्या होत्या.

सावनी त्याच्याकडे बघत होती. त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला तिला दिसला, आणि तिने टेबलावरून हात पुढे करून त्याची बोटं धरली.

"नव्हतंच लिहिलंस तू."

"नाही गं."

मग दुसऱ्या हाताने तिने दुधाचा ग्लास टेबलाच्या कडेपासून थोडा आत सरकवला. इतक्या हलक्या हाताने, की परीक्षितचा जीव गलबलला.

जेवण आलं. ती जेवली, चक्क पोटभर जेवली. मक्याच्या गरम पावाचा तुकडा मोडून, फुंकून तिने तिसऱ्या प्लेटमध्ये ठेवला. दुधाकडे परीक्षितने मुद्दामच पाहिलं नाही. गेज न वाचता पुढे जायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

गोड कुणी मागवलं नव्हतं. नीना ते घेऊन आली आणि उशीच्या खुर्चीसमोर ठेवलं. चॉकलेटने नाव लिहिलं होतं. अक्षत. एकच मेणबत्ती.

ज्योत एका बाजूला कलली आणि पुन्हा सरळ झाली.

एसीची हवा, परीक्षित मनाशी म्हणाला.

ज्योत पुन्हा कलली. विझली नाही.

सावनी पुढे वाकली. "थांब, दोघं मिळून," ती म्हणाली, आणि फुंकर घातली.

धूर वर गेला. ती हसत होती. कितीतरी दिवसांनी.

बाहेर अजून उजेड होता. हॉटेलच्या माणसाने गाडी दाराशी आणून दिली, सावनी पर्स मांडीवर घेऊन पुढे बसली. परीक्षितने गाडी सुरू केली. दोघांनी पट्टे लावले, तरी टिंग टिंग थांबेना.

समोरच्या पडद्यावर मागच्या सीटचं चित्र लाल झालं होतं.

"मागचा बेल्ट," सावनी म्हणाली.

"मागे काही ठेवलंयस?"

"नाही."

टिंग. टिंग. टिंग.

तो उतरला. मागचं दार उघडलं, पट्टा ओढला आणि पोटाशी थोडी जागा सोडून खटकन अडकवला. आवाज थांबला.

मग त्याने दाराला हात घातला, आणि लावण्याआधी मध्ये बोटं नाहीत ना, हे नीट बघून घेतलं.