बागेतल्या चेंबरचं पाणी

दिवे येईपर्यंत बसा इथेच पायरीवर. तुमच्या काकूच्या भावाची गोष्ट सांगतो. ती झोपलीय तोवरच.

त्याला आम्ही अत्तर म्हणायचो. नोकरी गटाराची आणि नाकाला अत्तराचा रुमाल. उजाडायच्या आत गल्लोगल्लीच्या चेंबरचं झाकण उघडायचं, दोरीने बाटली सोडायची, मैलापाणी भरून प्रयोगशाळेत द्यायचं, एवढंच काम. माणसाला ताप यायच्या आधी विषाणू त्या पाण्यात दिसतो. दिसला की त्या गल्लीत डॉक्टर जातात. पण हा अट्टल कामचुकार. सगळ्या गल्ल्यांच्या बाटल्या बागेतल्या एकाच चेंबरमधून भरायचा. बागेत राहतंय कोण? कागदावर सगळं शहर ठणठणीत.

शेवटच्या गल्लीत एक शिंपीण राहायची. तिची लहानगी याला रस्त्यात गाठून विचारायची, "काका, आमच्याकडे बाटली कधी सोडणार?" फ्रॉकची बटणं आईने लाल दोऱ्याने लावलेली. हा हसून पुढे जायचा. साथ पहिल्यांदा त्याच गल्लीत शिरली. त्या गल्लीच्या नावाची बाटली स्वच्छ, म्हणून डॉक्टर फिरकले नाहीत. पोर खोकून खोकून गेली. हा मला म्हणतो, "आजार काय मला विचारून येतो?" याचीही मुलगी तेवढीच, पण लाज वाटेल तर शपथ.

मग ती रात्र. गेल्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार, दोन वाजून गेलेले. बागेत हा एकटा. बाकीच्या बाटल्या भरल्या. राहिली याच्या स्वतःच्या गल्लीची. सोडली. वर आली... रिकामी. पुन्हा सोडली. रिकामी. आतून कोरडी. खाली पाणी वाहताना ऐकू येतंय. तिसऱ्यांदा दोरी खाली गेली... आणि जातच राहिली. हाताला ओढ लागली. हलकी. लहान मूल बोट धरून ओढतं तेवढी.

मग खालून खोकला. एकदा.

थांबून... पुन्हा.

दोरी सुटली. हा पळाला.

सकाळी दारात तीच बाटली. चिठ्ठी याच्याच गल्लीची. काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट.

आता याची अक्कल ऐका. रात्री पळून आलेला माणूस सकाळी खूश, की आयती भरून मिळाली. तशीच नेऊन दिली. अहवाल आला, विषाणू आहे. डॉक्टर घरोघर फिरले. याच्या मुलीलाही लागण झालेली निघाली, वेळेत उपचार झाले, वाचली. आणि या निर्लज्जाने कार्यालयात सत्कार करून घेतला. फोटो त्याच्या घरच्या भिंतीवर आहे अजून. मी त्या घरात पाणी पीत नाही.

त्याच्या दारापुढचं चेंबर मी स्वतः बघून आलो. झाकण गंजून बसलंय, कित्येक वर्षांत हललेलं नाही. मग भरली कुणी, असं विचारू नका मला.

ती बाटली मला प्रयोगशाळेतल्या बाईंनी दाखवली. मानेला लाल दोरा गुंडाळलेला होता.

त्या दोऱ्यात एक बटण... फ्रॉकचं.