पाच वेढ्यांची कॉइल

सांगलीतल्या इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात तो ट्रान्झिस्टर एकच उरला होता आणि मागणारे दोघं होते.

"मी आधी मागितला," प्रियदर्शनी म्हणाली.

"मी आधी उचलला," सुमंत म्हणाला. पण तिनं असं काही बघितलं, की बिचाऱ्याची मूठ आपोआप उघडली. "घ्या... पण काय बनवताय ते दाखवायचं."

झालं, पोरगा गेला कामातून!

साल शहाण्णव. तो सांगलीचाच, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती इस्लामपूरजवळच्या ऊसवाल्या घरातली, नुकताच डिप्लोमा झालेली. घरात बटण दाबून दोन शेतं पलीकडची विहिरीवरची मोटर बिनतारी चालू करायची, असं तिच्या डोक्यात होतं. तिचे वडील जोतीराम, फौजेतून रिटायर झालेले, शब्दाचे पक्के. त्यांनी सांगून टाकलं होतं, "मोटर चालू करून दाव, डिग्रीला घालतो. न्हाई तर शिक्षान बास."

मग दर शनिवारी ती एसटीनं सांगलीला यायची. सुमंतच्या घरी, त्याच्या आईच्या देखत, दोघं रिसीव्हर, म्हणजे बटणाचा सिग्नल पकडणारा छोटा बोर्ड, घेऊन बसायचे. तांब्याच्या तारेचे पाच वेढे पेन्सिलीवर गुंडाळून तिनं कॉइल केली होती. तो बोर्ड धरायचा आणि ती बांबूच्या काडीनं वेढे हळूहळू फाकवायची. नेमक्या अंतरावर सिग्नल लागला, की लाल दिवा पेटायचा.

"नीट धरलंय ना?"

"सोडा म्हणालात तरी सोडणार नाही."

ती काडीकडेच बघत राहायची, पण कान लाल व्हायचे.

आणि तो दिवस आला. सुमंत विहिरीवर रिसीव्हर धरून उभा राहिला. प्रियदर्शनीनं अंगणातून बटण दाबलं आणि मोटर धडधडली. पाटात पाणी पडलं. जोतीराम खूश. सुमंत मोटर बंद करून, रिसीव्हर मोटरच्या पेटीत ठेवून घामाघूम होत अंगणात आला.

"आता परत दाव," जोतीराम म्हणाले.

तिनं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं... ढिम्म.

जोतीरामनी सुमंतकडं बघितलं. "म्हंजी पाव्हण्यांनी हातानंच चालू केली व्हती व्हय?"

प्रियदर्शनीला वाटलं, आपली डिग्री गेली, आणि वर सुमंत खोटा ठरला. ती विहिरीकडं पळाली. तिच्यामागं सुमंत. त्यानं रिसीव्हर उचलला, तिनं अंगणातलं बटण बरोबर आणलेलं होतं, ते दाबलं. दिवा पेटला! रिसीव्हर खाली ठेवला, दिवा विझला.

ती बघतच राहिली. मग हसूच आलं तिला.

"तुमचा हात. महिनाभर तुमचा हात जवळ धरूनच मी कॉइल जुळवली. हातानं तिची फ्रिक्वेन्सी सरकते. तिला तुमची सवय लागलीय."

"तिलाच?" सुमंत हळूच म्हणाला.

"लांब व्हा आधी."

तो बटण घेऊन दहा पावलं मागं सरकला आणि ते दाबून उभा राहिला. रिसीव्हर पेटीत ठेवून तिनं काडीनं वेढे पुन्हा फाकवले, जराशानं... अजून जराशानं. हात बाजूला घेतला. दिवा पेटलेलाच राहिला. मोटर बंद करून दोघं अंगणात आले.

"आबा, तुमीच दाबा," तिनं बटण वडिलांच्या हातात दिलं. सुमंत त्यांच्या शेजारी, दोन्ही हात मोकळे सोडून उभा. विहिरीवर कुणीसुद्धा नव्हतं.

जोतीरामनी दाबलं. मोटर धडधडली. त्यांनी बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. चार वेळा खेळून झाल्यावर म्हणाले, "डिग्रीचा फारम कवा भरायचा हाय?"

त्यांची नजर चुकवून तिनं डोळे पुसले.

एसटीची वाट बघताना सुमंत जरा हिरमुसलेलाच होता. "म्हणजे आता माझ्या हाताचं काही काम उरलं नाही."

"सर्किटला नाही उरलं." ती थांबली. मग चक्क त्याचा हात धरून म्हणाली, "मला आहे. आणि आबांना तूच येऊन सांगायचंस."

तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' ऐकलं त्यानं. एसटी आली, थांबली आणि त्याला न घेताच निघून गेली.

"चल," तो म्हणाला, "आत्ताच सांगतो."