रंग बसला नाही तिथे

निखिल, आधी फक्त ऐक यार. मध्येच "चल, फेकू नकोस" म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर शेवटी म्हण.

माझी फ्रीगंजमधली वरची खोली तू बघितलीयेस ना, टॉवरकडे खिडकी असलेली? मी आणि विहंग तिथेच मॉडेल गाड्या रंगवायचो. गाडी तळहाताएवढी, पण रंग एकदम खऱ्या गाडीसारखा बसायला पाहिजे. आधी प्राइमर, मग रंग, मग चकाकीसाठी वरून लॅकर. सगळं एअरब्रशने, धुक्यासारखा बारीक फवारा. आता त्या हवेने खाली अंथरलेला गत्ता, म्हणजे पुठ्ठा, उडतो. म्हणून मी फवारायचो आणि विहंग पंजा ठेवून गत्ता दाबून धरायचा. त्याने हात उचलला की आजूबाजूला रंग आणि मधे पंजाचा कोरा आकार. आमचे सगळे गत्ते तसलेच. "अबे, हळदीचे पंजे उमटवलेली लग्नघराची भिंत केलीस," मी त्याला चिडवायचो.

दिवाळीच्या आधी तो गेला, देवास रोडवर, बाइकच्या अपघातात. ते तुला माहितीये. हे माहीत नसेल, की त्या सकाळी अलका काकूंनी, त्याच्या आईने, त्याच्या रंगाच्या सगळ्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या होत्या. लॅकरच्या वासाने त्यांचं डोकं उठायचं. तो भांडून निघाला. माझ्याकडेच येत होता.

मी काकूंना भेटायलासुद्धा गेलो नाही. जाऊन बोलणार काय? शेवटी त्याच धापा टाकत जिना चढून आल्या. पिशवीत विहंगची अँबेसेडर, नुसता प्राइमर मारलेली.

"अनय, एवढी पुरी करून दे रे. आणि खरं सांग, तो फार चिडला होता का माझ्यावर? तुला फोन केला असेल ना?"

"पता नाही, काकू. मला नव्हता केला."

खरंच नव्हता. पण त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

मग मी क्रीम रंग मारायला बसलो. नवा कोरा गत्ता, चारी कोपरे टेपने चिकटवलेले, कारण धरायला आता कोण आहे? गाडी बाटलीच्या झाकणावर चिकटवलेली, झाकण डाव्या हातात, उजव्यात एअरब्रश. दिवसाढवळ्या, खाली हॉर्न वाजतायत, सब्जीवाला ओरडतोय. काम झालं, गाडी बाजूला ठेवली आणि खाली बघितलं.

गत्त्यावर पंजा. कोरा. बोटं पसरलेली, दाबून धरल्यासारखी.

निखिल, माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

आणि मी काय केलं? थिनर ओतला. चोळून चोळून पुसलं, मग गत्ता फाडून खाली कचऱ्याच्या गाडीत टाकून आलो. तेवढ्यात काकूंचा फोन. "त्याचं काही राहिलंय का रे तुझ्याकडे? काहीही चालेल. फाटका रुमालसुद्धा."

"नाही काकू," मी म्हणालो, "काहीच नाही."

अजून हाताला थिनरचा वास होता.

लॅकरच्या दिवशी त्या स्वतःच आल्या. "मी बसते इथे. त्याचं काम एकदाही नीट बघितलं नाही मी." वास बाहेर फेकणारा माझा पंखा जळालेला. म्हटलं, काकू, गॅलरीत बसा, सहन नाही होणार. तर म्हणाल्या, "होईल." थोडा वेळ बघत होत्या, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशा खिडकीकडे तोंड करून बसल्या, माझ्याकडे पाठ. अंगावर काळी शाल. मी फवारत होतो. आमच्या दोघांच्या मधे कोणी नव्हतं. मी बघत होतो ना, कोणी नव्हतं.

वाळल्यावर गाडी झाकणासकट त्यांना दिली. दोन्ही हातांनी धरली त्यांनी, देवाचा प्रसाद धरावा तशी. आणि दाराकडे वळल्या.

शालीवर लॅकरची पांढरट भुकटी बसली होती. पाठभर.

दोन जागा सोडून.

दोन पंजे. खांद्यांच्या जरा खाली. बोटं वर.

तू सांग, असे हात माणूस कशाला ठेवतो? सांभाळायला की ढकलायला? आणि माझा जिना कसा सरळ उभा आहे. त्यांच्या दोन्ही हातांत गाडी.

मी हाक मारली नाही. साधं "थांबा" सुद्धा नाही. दार लावलं, दाराला कान लावला, आणि पडल्याचा आवाज येतो का ते ऐकत उभा राहिलो.

नाही आला.

संध्याकाळी त्यांचा फोन. आवाज इतका मोकळा, मी कधी ऐकला नव्हता. "काय रे, पाठीला हात लावून पार खालपर्यंत आणलंस आणि न बोलता पळून गेलास? मी आपली गाडीच सांभाळत होते, वळून बघता नाही आलं. तूच होतास ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गंमत सांगू? घरी आले, शाल काढून ठेवली, तरी अजून हात आहेच पाठीवर. आता तर चांगला जड वाटतोय बघ. अनय? तूच होतास ना रे?"

मी हो म्हणालो.

आता बोल. तू असतास तर काय सांगितलं असतंस?