रंग जाण्याआधी

जाळी राहू द्या आता, पोरांनो. उजेड कुठे उरलाय? शेकोटीजवळ सरका. डॉक्टर वेंतुरांचं सांगतो, आपल्या किओज्जातल्या कालव्यावरचे. निम्मं माझ्यासमोर झालं, निम्मं त्यांनी स्वतः सांगितलं.

संत मार्तिनच्या सणाची आदली संध्याकाळ. मी त्यांना एक मासा द्यायला गेलो होतो. आपल्या खाडीतल्या सगळ्या माशांची चित्रं काढून पुस्तक करायचं, हे त्यांचं वेड. मासा जिवंतच हवा, कारण मेला की त्याचा रंग उडतो. हा तर लाल अंगाचा, निळ्या पंखांचा. असा मी पुन्हा पाहिला नाही.

चित्र अर्धं झालं, तोच नावाडी आन्जोलो धापा टाकत आला.

"डॉक्टर, चला! मारियेता अडलीय. सुईण म्हणते, रक्त थांबत नाही."

"आलोच. एवढा पंख होऊ दे."

"पंख? अहो, बायको मरतेय माझी!"

"पहिलटकरणीला वेळ लागतोच. बस जरा. हा रंग गेला की गेला रे."

आन्जोलो बसला नाही. दारातच टोपी पिळत उभा राहिला. एवढ्या मोठ्या माणसाला ओढून कसं नेणार?

डॉक्टर पोचले तेव्हा सुईण मारियेताच्या तोंडावर चादर ओढत होती. आई गेली, मूलही गेलं. आन्जोलो एवढंच म्हणाला, "झालं का चित्र?"

डॉक्टरांनी ते चित्र चुलीत घातलं. पण गावात मान वर करून चालणं संपलं त्यांचं. कुणाचीही हाक आली की ताटावरून उठून धावायचे.

मग दोन आठवड्यांनी संत कॅथरीनच्या सणाची रात्र आली. बाहेर दाट धुकं. दार वाजलं. डॉक्टरांनी लगेच उघडलं. कोणी नाही. वळले...

स्टुलावर मारियेता.

ओठ लाल. गाल लाल.

"काढा, डॉक्टर. रंग जातोय."

त्यांनी कुंचला उचलला. रंगात बुडवला. तिचे ओठ फिके पडले. मग गाल. मग...

"मारियेता, मला..."

तिनं त्यांचं उजवं मनगट धरलं. नाडी बघतात, तसं. बराच वेळ.

मग स्टूल रिकामं.

सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. माझ्यासारख्या कोळ्यापुढे मान खाली घालून बसले होते.

"आन्जोलो दारात उभा होता, हे तूच पाहिलंस. तुझ्याशिवाय सांगू कुणाला? लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालंय रे."

आणि त्यांनी बाह्या वर केल्या. मी बोटं ठेवली. डावी नाडी धडधडत होती. उजवी... लागेचना.

त्यानंतर कितीतरी वर्षं जगले ते. हात गरम होता, कामही करायचा. भेटले की स्वतःच उजवं मनगट पुढे करायचे. मी बोटं ठेवायचो...

काही नाही.