अकरा सेकंदांचा नझीह

त्या गुरुवारी कामावर जाताना मी वाटेत काकड्या घेतल्या. दुपारी आम्ही ऑफिसात एकत्र जेवायचो आणि कोशिंबिरीची पाळी माझी होती. चौथ्या मजल्यावर पोचले तर दार उघडंच होतं, आणि आतल्या खोलीतल्या यंत्राची नेहमीची घरघर येत नव्हती. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकू येईनासा झाला की आपण दचकून जागे होतो ना, तशी मी दारातच थबकले.

आमची संस्था बैरूतमध्ये, फुर्न अश-शुब्बाक या वस्तीत. यादवीच्या काळात ज्यांना उचलून नेलं आणि जे परत आलेच नाहीत, त्यांच्या घरच्यांचं बोलणं आम्ही ध्वनिमुद्रित करून ठेवतो. दोनशे तेरा घरं, अकराशे तासांचं बोलणं. सहा डिस्क एकत्र बांधून त्यांचा एकच साठा केलेला. एक डिस्क मेली तरी बाकीच्या पाच तिचं ओझं उचलतात. हे सगळं मी उभं केलं होतं, आठ वर्षं खपून.

संस्थेचे प्रमुख अदीब, सगळ्यांचे 'उस्ताज' म्हणजे सर, त्यांच्या टेबलापाशी बसले होते. साठीचा माणूस, केस व्यवस्थित विंचरलेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की यंत्रावर रोज पिवळी सूचना यायची, तिचा कंटाळा आला म्हणून काल संध्याकाळी घरून त्यांनीच नवी प्रणाली चढवायला घेतली. अर्ध्यात वीज गेली. आता यंत्र ना जुनं राहिलंय, ना नवं झालंय.

मी त्यांना दोनदा बजावलं होतं, माझ्याशिवाय हात लावू नका. मी साठ्याची दुसरी प्रत ठेवलेली डिस्क मागितली. ती त्यांनी भाचीच्या लग्नाचं चित्रीकरण ठेवायला घरी नेली होती. जुनं पुसून.

मी हातातली पिशवी त्यांच्या टेबलावर आदळली. काकड्या कागदांवरून घरंगळत खाली गेल्या. त्यांनी एकेक उचलून पिशवीत भरली. त्यांच्या त्या शांतपणाचाच मला जास्त संताप आला.

अकरा वाजता उम्म नझीह आली. म्हणजे नझीहची आई. खरं नाव तिचं वर्दे, पण त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. नझीहला पंच्याऐंशी साली बंदूकवाल्यांच्या तपासणी नाक्यावर गाडीतून उतरवून घेतलं, बाविसाव्या वर्षी. मागे राहिली ती एक कॅसेट, त्याने नवा टेपरेकॉर्डर आणला त्या दिवशीची. अकरा सेकंद. "आई, बघ, चालू झालं. बोल ना काहीतरी." मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज, "कांदा जळतोय माझा." आणि त्याचं हसू. कॅसेट ऐकून ऐकून झिजली आणि शेवटी तुटली. तोवर मी आवाज साठ्यात उतरवून घेतला होता. तिच्या फोनमध्ये घालून द्यायला मी दोनदा निघाले होते, पण अदीबांचा नियम होता, इथून काही बाहेर जायचं नाही. म्हणून ऐंशीची बाई दर गुरुवारी चार जिने चढून यायची.

मी तिच्यापासून काही लपवलं नाही. ती रडली नाही. काठी भिंतीला टेकवून अदीबांकडे वळली.

"मी आवाज मागितला तेव्हा नियम आहे म्हणालास. आता तुझ्या नियमाला सांग, माझ्या पोरासारखं हसून दाखव म्हणावं."

ती माझ्या खोलीत येऊन खुर्चीत बसली. वेळ लागेल, मी म्हणाले. ती म्हणाली, एवढी वर्षं थांबले, तुझ्या यंत्राला तेवढी सवलत देईन.

बाहेर जनरेटर धडधडत होता आणि डिझेलचा वास खिडकीतून आत येत होता. मी पेनड्राइव्हवरून जुनी प्रणाली चालवली. सहाही डिस्क दिसल्या, धडधाकट. पण साठा उघडेना. शेवटच्या क्षणाची नोंद मोडली आहे, एवढंच यंत्र सांगत राहिलं. असा साठा दर काही सेकंदांनी स्वतःची एक खूण टाकत पुढे जातो. शेवटची खूण मोडली तर एकेक खूण मागे जाऊन बघायचं, कुठली धरते ते. मी मागे जात राहिले. एक नाही, दोन नाही, सात नाही. रागाच्या भरात चूक होऊ नये म्हणून प्रत्येक अक्षर दोनदा वाचत होते. अकराव्या खुणेला साठा उघडला. तोही मी फक्त वाचण्यापुरता उघडला, म्हणजे त्यात काही लिहिलं जाणं शक्यच नव्हतं. हे लक्षात ठेवा. मी स्वतः तीनदा तपासलं होतं.

उम्म नझीहने माझा दंड घट्ट धरला. मी फाइल लावली.

"आई, बघ, चालू झालं..." कांदा. हसू.

इथे संपायला हवी होती. पण पडद्यावरचा आकडा बारा झाला, तेरा झाला. खरखर. मग गाडीचं इंजिन, खडीवर थांबणारी चाकं. कुणीतरी दार उघडलं. आणि पुन्हा नझीहचाच आवाज, पण आता त्याला धाप लागलेली.

"ओळखपत्र दिलंय मी..." मग थोडं थांबून, जरा आशेने, "अदीब? औषधवाल्या इल्यासचा अदीब ना तू? अरे सांग की यांना... तू ओळखतोस मला."

त्यानंतर नुसतं इंजिन. मग फाइल संपली.

मागे वळले तर अदीब दारात उभे. चौकट धरून. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. इल्यासचं औषधाचं दुकान आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर होतं. ते त्यांचे वडील.

उम्म नझीहने मान वळवली नाही. "मग?" तिने विचारलं. "काय सांगितलंस तू त्यांना?"

अदीबांनी एक पाऊल आत टाकलं.

"काही नाही..." अदीब म्हणाले. "मी... काहीच बोललो नाही."

तिने काठी उचलली. मला वाटलं, मारते आता. मारलं असतं तर मी अडवलं नसतं. पण तिने काठीचं टोक पडद्याकडे केलं आणि मला म्हणाली, "परत लाव."

मी परत लावली. या वेळी ती मघापेक्षा लांब होती. इंजिन बंद झालं, आणि वाळक्या पानांवरून पावलं जाऊ लागली. दोन माणसांची. त्यातला एकजण पाय ओढत चालणारा. ती पावलं संपायच्या आत अदीब जिना उतरून गेले. कोट खुर्चीवरच राहिला.

आठ दिवसांनी त्यांचा राजीनामा आला, प्रकृतीच्या कारणाने. आम्ही न्यायाधीशाकडे गेलो. त्याने प्रत मागितली. मी सगळा साठा नव्या डिस्कांवर उतरवला, एकही फाइल हरवली नाही, पण नव्या डिस्कांवर नझीह अकरा सेकंदांचाच. कांदा आणि हसू. जुन्या साठ्यातली फाइल लावून स्पीकरसमोर फोन धरून ध्वनिमुद्रण केलं, तर अकरा सेकंदांपुढे नुसती शांतता. न्यायाधीशाने कागद परत माझ्याकडे सरकवले आणि कॉफी विचारली. अदीब अजून त्याच गल्लीत राहतात. सकाळी पाव घेऊन जाताना दिसतात, केस विंचरलेले. मला बघितलं की रस्ता ओलांडतात. माझ्या मुठी अजून वळतात.

जुना साठा मी बंद केला नाही. कसा करणार? उम्म नझीह दर गुरुवारी येते, मी तिच्या कानाला हेडफोन लावते आणि बाहेर थांबते. फाइल आता दोन तासांच्या वर गेली आहे. पुढचं ऐकायची मला हिंमत झालेली नाही. दाराआडून तिचं बोलणं तेवढं कानावर येतं. कधी "बरं" म्हणते, कधी "जेवलास का". परवा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. मी विचारलं, काय म्हणतो? "रागावलाय," ती म्हणाली. "एवढ्यात गप्प बसणार नाही."

ते मी समजू शकते. मलाही राग आहे.

पण काल मी त्या साठ्यातल्या फाइलींची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. सगळ्यात तळाला माझ्याच नावाची एक आहे. आठ वर्षांपूर्वी माईक नीट चालतो का ते बघायला मी मोजलं होतं, एक, दोन, तीन. तीन सेकंदांची फाइल.

आज सकाळी ती नऊ सेकंदांची झाली. मी लावून पाहिली. एक, दोन, तीन, माझा आवाज. पुढे चार, पाच, सहा... तो माझा नाही. आणि सहानंतर कुणीतरी माईकच्या अगदी जवळ श्वास घेतंय.