ताईची चाल

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली, दिवा गेला, आणि धाकटीच्या हातात होता एक जुनापुराणा, धोंड्यासारखा जड कॉम्प्युटर. तिनं तो खाली ठेवला, घंटा दाबली, पुन्हा दाबली, आणि कोणी येईना तेव्हा मुकाट्यानं त्याच्यावरच बसून राहिली.

बऱ्याच वेळानं वरच्या फटीतून आवाज आला, "आत किती जण आहेत?"

"मी एकटी. आणि एक कॉम्प्युटर."

"घाबरलाय का?"

"कोण... मी?"

"नाही, कॉम्प्युटर."

इतका राग आलेला असूनही धाकटीला अंधारात हसू फुटलं. आवाजानं तिला दारापासून लांब उभं राहायला सांगितलं, मग तो गच्चीवरच्या लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत गेला, आणि लिफ्ट हातानं फिरवलेल्या चाकावर डुलत डुलत वर सरकली. दार उघडलं तर समोर लिफ्टचा मेकॅनिक – खिशात पाने-स्क्रूड्रायव्हर, कोपराला काळं ग्रीस, आणि ओठांच्या आधी हसणारे डोळे. लिफ्ट बंदच ठेवावी लागणार होती, तेव्हा उरलेले जिने चढून कॉम्प्युटर त्यानंच घरात पोचवला.

घरात ताई पाय लांब करून बसली होती. ताई शाळेत गणित शिकवायची. शाळेच्याच जिन्यावरून घसरली आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घेऊन घरी आली. वाचून वाचून डोळे शिणले, मोबाइलवरच्या खेळांनी डोकं उठवलं. तिला हवा होता तिच्या लहानपणचा, आई-बाबांच्या घरी धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरवरचा तो खेळ. दोघी बहिणी नोकरीसाठी या शहरात एकत्र राहायच्या. धाकटी बेकरीत केक सजवायची. आपली सुट्टी खर्चून तिनं तो कॉम्प्युटर गावाहून आणला होता.

तारा जोडल्या, पडदा उजळला. सगळा नकाशा काळा, मधोमध एवढंसं गाव, आणि काडेपेटीतल्या काडीएवढा एक सैनिक. मेकॅनिक निघाला होता, तो उंबऱ्यातच थबकला.

"हा अजून आहे?" शाळेतल्या मित्राची चौकशी करावी तसं त्यानं विचारलं.

ताईनं मान वळवली. "खेळता येतो?"

"येतो म्हणजे... एकेकाळी याच्यापायी नापास झालोय, मॅडम."

ताई मनापासून हसली. पाय मोडल्यापासून पहिल्यांदाच. आणि त्याला रविवारी यायचं निमंत्रण मिळालं.

रविवारी आला, मग मधल्या वारीही यायला लागला. कॉम्प्युटर एक, खुर्ची एक आणि राजे दोन. एकानं सैन्य हलवायचं, गावं वसवायची, बोटी सोडायच्या, "झाली माझी चाल" म्हणायचं, मग दुसऱ्यानं बसायचं. एकाचं राज्य दुसऱ्यानं बघायचं नाही, हा नियम. त्याची चाल असली की ताई उशी तोंडावर घेऊन आडवी व्हायची. ताईची चाल असली की तो उठून स्वयंपाकघरात यायचा, कारण घरात दुसरी जागाच नव्हती. तिथं धाकटी पालथ्या वाटीवर क्रीमचे गुलाब काढायचा सराव करत असायची.

"यात असं आहे तरी काय?" तिनं एकदा विचारलं. "चित्रं बघा, कसली भुंडी आहेत."

तो दाराला टेकून विचार करत राहिला. "दिवसभर मला सगळे घाई करतात. आत अडकलेला ओरडतो, बाहेर खोळंबलेला ओरडतो. या खेळात मी विचार करेपर्यंत अख्खं जग थांबतं. शत्रूसुद्धा हातात तलवार घेऊन गप उभा राहतो. आणि चुकलो तर ती चूक माझीच असते, नशिबावर ढकलता येत नाही. नवे खेळ येतात, जातात... असं थांबायला त्यांना जमत नाही." मग क्रीमच्या गुलाबाकडे बघून म्हणाला, "हे सुंदर आहे."

धाकटीचे कान तापले. पण पुढच्याच दमात तो म्हणाला, "मॅडमचं डोकं मात्र अफाट. माझं बंदर कसं घेतलं, कळलंसुद्धा नाही मला."

झालं. गुलाबाची पाकळी वाकडी गेली.

तेव्हापासून मॅडम, मॅडम, मॅडम. मॅडमनी डोंगराआडून घोडदळ आणलं. मॅडम तह करतात आणि मोडतात. बाहेर ताई खळखळून हसली की आत धाकटीच्या पोटात दुखायचं. ताई लहानपणापासूनच हुशार, ताई दिसायला उजवी, आणि आता मोडक्या पायानं एका जागी बसूनही ताईच जिंकत होती. धाकटीला सगळ्यात जास्त खुपायचं ते त्याचं "मॅडम". उभं जग ताईला ताई म्हणायचं. दूधवाला, शेजारचे, पिकल्या केसांचा वॉचमनसुद्धा. हा एकटा म्हणत नव्हता. का म्हणत नव्हता? ज्या बाईला ताई म्हणवत नाही, तिच्याविषयी मनात काय असतं, हे न कळायला धाकटी काही कुक्कुलं बाळ नव्हती.

तिनं खेळ शिकूनही पाहिला. ताईनं हौसेनं बसवलं, पण धाकटीनं सैन्य उभारलंच नाही. नुसते रस्ते केले, बागा लावल्या, आणि कुठल्याशा रानटी टोळीनं येऊन सगळं जाळून टाकलं. ताईची हसून हसून पुरेवाट झाली. संध्याकाळी तिनं ते त्यालाही सांगितलं. तोही हसला. धाकटीनं त्या दिवशी चहा केला तो कडूझार.

मग एके दिवशी तो नवाकोरा माऊस घेऊन आला. ताईच्या हातात ठेवत म्हणाला, जुन्याचं बटण अडकतं, बोट दुखत असेल. ताईनं तो गालाला लावल्यासारखं केलं. काय होतं एवढं त्यात? एक साधा माऊस. पण धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. मला कधी कुणी साधा चमचा तरी आणून दिला का?

ताईची चाल सुरू झाली, तो आत आला, नेहमीसारखा दाराला टेकला. आज धाकटीनं वर बघितलंच नाही.

"तुम्ही ताईला एकदाचं विचारून का टाकत नाही?" ती म्हणाली.

"काय... विचारू?"

"जे विचारायला येता ते. उगाच युद्धं कशाला करायची? ती नाही म्हणायची नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. मग "बरं" एवढंच म्हणून बाहेर गेला. ताईला काम आठवल्याचं सांगितलं आणि आपली चाल न खेळताच निघून गेला. त्यानंतरच्या रविवारी आला नाही. मधल्या वारीही नाही.

दरम्यान ताईचं प्लॅस्टर निघालं. काठी टेकत ती घरातल्या घरात फिरायला लागली, पण कॉम्प्युटरपाशी आली की थांबायची. पडद्यावर त्याचं राज्य तसंच उभं होतं. शेवटी तिनं धाकटीला समोर बसवलं आणि काय बोललीस ते सांग म्हणाली. धाकटीनं आधी कानांवर हात ठेवले, मग सगळं ओकून टाकलं. मॅडम, माऊस, पोटातलं दुखणं, सगळं.

ताईनं काठी मांडीवर आडवी घेतली.

"माझ्या चालीला हल्ली किती वेळ लागायचा, बघितलंस कधी?" तिनं विचारलं. "आणि त्याच्या?"

धाकटीनं नाही म्हणून मान हलवली.

"तो बसायचा, उशीआडून दिसायचं मला, दोन सैनिक इकडचे तिकडे करायचा, आणि झाली माझी चाल. शेवटी शेवटी तर काहीच न हलवता उठायचा. ज्या बंदरासाठी पहिल्यांदा जिवाचं रान केलं, ते परत जिंकायची संधी समोर होती, तरी बघितलं नाही. मी मेली उशीखाली जेमतेम श्वास घेतेय तोवर हा स्वयंपाकघरात." ताई काठीच्या मुठीकडे बघत होती. "म्हणून मग मी माझी चाल लांबवायला लागले. करायचं काही नसायचं. नुसती बसायचे नकाशा बघत."

"पण तो तुला..."

"पहिल्या काही दिवसांत मलाही वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? कुणीतरी माझ्याशी खेळायला येतंय, छान वाटत होतं. मग माऊस आणला त्याच दिवशी, तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हा, तो मला म्हणाला, 'ताई, एक विचारू?'" ती थांबली. "ताई म्हणाला, कळलं का? तुझ्याबद्दलच विचारणार होता. मी म्हटलं, आधी तिला विचार. तर तू त्याला माझ्याकडे हाकलून दिलंस."

धाकटीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं ताईचा हात धरायला हात पुढे केला, पण ताईनं तिच्या पाठीवर धपाटा घातला. "जा आता. रडत बसू नकोस इथं."

त्याचं वर्कशॉप दोन बस बदलून गाठावं लागलं. लोखंडी शेडमध्ये लिफ्टच्या मोटारी उघड्या पडल्या होत्या, तेलाचा उग्र वास होता, आणि तो बाहेरच्या बाकावर बसून डबा खात होता. तिला पाहून उठला. डबा कुठं ठेवावा ते त्याला सुचेना.

"खेळ अर्धा राहिलाय," ती म्हणाली.

"मॅडमनी पाठवलं?"

"मॅडम नका म्हणू. मागे ताई म्हणालात म्हणे."

तो खाली बघून हसला. ते हसू तिला किती दिवसांनी दिसत होतं...

"मला वाटलं, तुम्हाला माझं कळलंय," तो म्हणाला, "आणि तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून ताईंचं नाव पुढे करताय."

"मी जळत होते."

"कुणावर?"

"ताईवर. तुमच्या त्या काडीएवढ्या सैनिकांवर. माऊसवर."

"माऊसवर?" आता मात्र त्याला हसू आवरेना. "अहो, जुन्याचं बटण अडकायचं. चाल संपवायला पाच-पाच वेळा दाबावं लागायचं. इकडे माझा जीव स्वयंपाकघरात."

त्यानं हात पुढे केला, पण नखांत ग्रीस होतं म्हणून मागे घेतला. तिनंच तो धरला. तिच्या नखांत तरी कुठं कमी रंग होता – सकाळच्या केकचा, गुलाबी.

संध्याकाळी दोघं मिळूनच घरी आली. ताईनं दोघांच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बस. आणि आज नीट खेळायचं. मला असं फुकटचं जिंकायचं नाही." या वेळी ती उशी घेऊन आडवी झाली नाही. काठी टेकत, चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेली.

तो नकाशात बुडाला. धाकटी त्याच्या खांद्याशी उभी होती. हीच ती जागा, जिच्यासाठी तिनं इतका जळफळाट केला होता. पण आतून भांड्याचा आवाज येईना, तशी ती हळूच आत गेली.

ताई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. पातेल्यात पाणी होतं, गॅस पेटवलेला नव्हता.

"रडतेयस?"

"पाय दुखतोय."

धाकटीनं मागून तिला मिठी मारली आणि गाल तिच्या पाठीला टेकवला. ताईनं काठी ओट्याला टेकून ठेवली आणि आपलं सगळं वजन तिच्यावर सोडलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

बाहेरून तो म्हणाला, "झाली माझी चाल."

"जा," ताई म्हणाली. "थांबलाय तो."

"थांबू दे," धाकटी म्हणाली, आणि एका हातानं ताईला धरून तिनं दुसऱ्या हातानं गॅस पेटवला.