समोरची मूठ

कंदिलाची वात खाली कर रे. अन् जरा सरकून बसा, दिवसभर केळीच्या बागेत माझ्या कंबरेचा पार भुगा झालाय. मधे बोलायचं नाही. खोटं वाटलं तर सकाळी झुलाल मिस्त्रीलाच जाऊन विचारा, आपल्या रावेरातच आहे तो.

छप्पन सालची खंडेनवमी. दुपारी मी विळ्याला धार लावून घ्यायला झुलालकडे गेलो. आमच्या दोघांच्या अंगणांत एकच भिंत. त्याच्या अंगणात ती मशीन उघडी पडलेली. लढाईनंतर लिलावात निघालेली साखळीची करवत, लाकडाच्या ठेकेदाराने आणलेली. लांब पात्यावरून दातेरी साखळी फिरते. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला नुसती लोखंडी मूठ. एकट्याचं कामच नाही. इंजिनाकडे झुलाल असायचा, समोरच्या मुठीला त्याचा धाकटा भाऊ पुना. इंजिन असं बोंबलायचं की हाक ऐकू यायची नाही. म्हणून खूण ठरलेली. पुनाने मूठ दोनदा हलवली की थांबायचं.

आदल्या साली सातपुड्यात साग कापताना पुनाने मूठ हलवली. झुलालला वाटलं, साखळी अडकली. त्याने आणखी जोर लावला. झाड पुनाकडेच फिरलं, तो जागीच गेला.

आता दसऱ्याच्या मुहूर्तावर तोड सुरू करायची म्हणून ठेकेदाराने मशीन दुरुस्तीला दिली होती. अन् समोरच्या मुठीला कोण जाणार? झुलालचा पोरगा भटू. नुकतं लग्न झालेलं, अंगात रग, कोणाचं ऐकेल तर शपथ.

झुलालची बायको बेबाबाई काकुळतीला आली होती. "आयका ना, बिघडेलच राहू द्या तिले."

"मी नाही केली त दुसरा कोनी करीन," झुलाल म्हणाला. "कशीबशी करीन. मंग पोराच्या हाती काय जाईन?"

थकला होता बिचारा. वर्षभर धड झोप नाही. एकेक दात कानशीने घासत होता अन् मधेच हात थांबायचा. समोरच्या मुठीवर अजून पुनाने बांधलेली चिंधी होती, त्याच्या बायकोच्या, मंजुळाबाईच्या हिरव्या लुगड्याची. हाताला टोचू नये म्हणून तो गाठ दुमडून आत खोचायचा. चिंधीवर डाग पडलेले. झुलालने ती सोडली अन् आम्ही दोघं जाऊन आपल्या सुकी नदीच्या वाहत्या पाण्यात सोडून आलो.

संध्याकाळी हत्यारांची पूजा झाली. हळदकुंकू, झेंडू. पूजेला मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत आपल्यात कोणी उचलत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. पण झुलालला झोप येईना. सकाळीच ठेकेदाराची गाडी येणार, अन् साखळी एकदाही चालवून पाहिलेली नव्हती. उठला. फुलं बाजूला केली. मशीन उचलली.

लाकडं कापायच्या घोडीवर ओंडका ठेवला. समोरची मूठ दोरीने निंबाच्या फांदीला टांगली. इंजिन धडधडलं तसा मी बाजेवर दचकून उठलो. पुढचं त्याने मला सांगितलं ते सांगतो.

पातं लाकडात शिरलं. दोरी ढिली पडली.

मूठ खाली यायला हवी होती. आली नाही.

पातं सरळ. समोरून ओढ येत होती. सावकाश, ओळखीची… झुलालने मान वर केली नाही. करवलीच नाही.

मग मूठ हलली.

एकदा…

पुन्हा एकदा.

या वेळी झुलाल थांबला.

इंजिन बंद. अंगणात रातकिडाही नाही.

"पुना…?"

…

"मले कयलं नाही रे तवा… मी जोर लावला…"

मी भिंत ओलांडून गेलो तेव्हा तो जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. कंदील धरून आम्ही साखळी तपासली. एका कडीचा खिळा निसटत आला होता. आणखी थोडं चाललं असतं तर साखळी तुटून समोरच्याच्या तोंडावर गेली असती. दोरी मीच सोडली. मूठ धरली तेव्हा हाताला नुसतं गार लोखंड लागलं. हे ध्यानात ठेवा.

सकाळी भटूने ती कडी पाहिली. मग स्वतःच वेशीवर गेला अन् ठेकेदाराची गाडी रिकामी परतवली. बेबाबाईने देवापुढे डोकं टेकलं. मला वाटलं, सुटले सगळे.

मग मंजुळाबाई सोनं द्यायला आली. आपट्याची पानं झुलालच्या हातावर ठेवली अन् मशीनकडे बोट दाखवलं.

समोरच्या मुठीला हिरवी चिंधी होती. गाठ दुमडून आत खोचलेली.

"दुसरी असंन," मी म्हणालो. माझं मलाच पटलं नाही.

तिने हात पुढे केला, चिंधी बोटांत धरली.

"आबा," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ओली हाये."